बोगद्यापलीकडचं लग्न

मदैरा बेटाच्या डोंगरात पाण्याच्या पाटांसाठी बोगदे खोदणाऱ्या सिल्वेरियोशी इदालीनानं लग्न ठरवलं, म्हणून लग्नाच्या सकाळी बापानं तिचे बूट दरीत भिरकावले. “त्या बिळातल्या उंदराकडे जायचंय ना? जा आता अनवाणी!” ती खरंच निघाली. पांढरा झगा सावरत, लॉरेलच्या गर्द रानातून, पाटाच्या वीतभर कठड्यावरून ती चालत राहिली. बाप ओरडत मागोमाग सिल्वेरियोच्या गावाकडे निघणाऱ्या बोगद्यापर्यंत आला. “आत काळोख आहे, पोरी. रडत परत येशील.” “मग बसा इथंच वाट बघत, बाबा.” ती आत शिरली. तळव्यांना खडे टोचत होते. भिंतीवरचे सिल्वेरियोच्या छिन्नीचे घाव चाचपत ती पलीकडे उजेडात आली. त्याच्या गावातल्या चर्चमध्ये पोचली तेव्हा झगा कमरेपर्यंत चिखलानं माखला होता. बापानं वधूला हात धरून आणायची रीत, म्हणून पाद्रीबाबांनी तिच्यामागं रिकाम्या दाराकडे पाहिलं. “वधूला वेदीपाशी कोण घेऊन आलंय?” “मीच,” इदालीना म्हणाली. “करा सुरू.”