आबांचा पाव्हना

कावळा पिंडापासून दोन हातांवर बसला होता आणि काही केल्या शिवत नव्हता.

तापीकाठी ऊन चढत चाललं होतं. आज आबांचा दहावा. त्यांचा मुलगा निंबा ओल्या धोतरात हात जोडून उभा होता. भाऊबंदांनी सगळं बोलून पाहिलं. म्हातारीला सांभाळू म्हणाले. विहिरीचा वाद मिटवू म्हणाले. आबांची म्हैस कधी विकणार नाही, अशी शपथही कुणीतरी घेतली. कावळ्याने मान वाकडी करून निंबाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भटजींनी घड्याळ बघितलं. "आता दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ."

निंबाने जोडलेले हात सोडले नाहीत. गवताच्या कावळ्यावर भागवायचं, म्हणजे बाप रुसलेलाच गेला. जन्मभर गाव बोलणार.

तेवढ्यात नवलकाका पुढे आला. आबांचा धाकटा भाऊ. त्याने निंबाचं मुंडण केलेलं डोकं एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने.

"भाऊ तुले वळखतच नही शे रे!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं. घराण्याचे कान सुपासारखे. निंबाचेही तसेच होते. आठ वर्षांपूर्वी तीन स्थळं मोडली, तेव्हा तो गुपचूप धुळ्याला गेला आणि ऑपरेशन करून कान मागे बसवून आला. चौथ्या स्थळाने होकार दिला. पण पट्टी सुटली त्या दिवसापासून आबांनी त्याला नावाने हाक मारली नाही. "या पाव्हना, च्या पेतस का?" एवढंच. आबा गेले तोवर निंबा स्वतःच्या घरात पाहुणाच राहिला. आता ते कान घरात एकट्या ऋतिकाला उरले होते, त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला. शाळेत पोरं तिला हत्ती म्हणायची. तिलाही त्याच डॉक्टरांची सोमवारची तारीख मिळाली होती.

"दखस काय? दोन्ही कान धर. वढ बाहेर!" नवलकाका म्हणाला.

निंबाने लाज गिळली. भर घाटावर कान धरले आणि ओढले. जुना व्रण ताणला गेला. डोळ्यांत पाणी आलं.

"आबा," तो म्हणाला, "मी निंबा."

कावळा उडाला तो थेट पिंडावरच बसला.

"दखा! वळखं पोऱ्याले!" नवलकाका ओरडला. भटजींनी दर्भाची जुडी खाली ठेवली आणि नकळत स्वतःचे कान चाचपले.

निंबा अजून कान धरूनच उभा होता. सोडायला हात होत नव्हता. बाजूला वाळूत बसलेली ऋतिका उठली, त्याच्या धोतराला बिलगली आणि हळूच म्हणाली,

"पप्पा, सोमवारी माझे कान चिकटवले, तर तुम्ही कावळा झाल्यावर मला कसं ओळखाल?"