पाठकोरा

तिनं चौथ्यांदा प्रिंटची कळ दाबली आणि पाय न वाजवता सासूबाईंच्या खोलीच्या बंद दारासमोर येऊन उभी राहिली. नजर खाली, दाराखालच्या फटीवर.

काही आलं नाही.

प्रिंटर आत होता. घरातल्या तिन्ही कम्प्युटरांचे कागद तिथंच निघायचे. आणि आत ठमीला झोपवत असले, की दार उघडायचं नाही, हा घरचा कायदा. तिची नऊ महिन्यांची ठमी कडीच्या आवाजानंसुद्धा टक्क जागी व्हायची. मग निघालेला कागद सासूबाई दाराखालून बाहेर सरकवायच्या. कधी दिराचे नकाशे, कधी नवऱ्याचं तिकीट.

अकरा वाजून पाच मिनिटं. सही केलेल्या कागदाचा फोटो बाराच्या आत पाठवायचा होता, नाहीतर सोमवारी साडेनऊला कामावर हजर. सहीला पेनही सापडत नव्हतं. घरात लिहितं पेन एकच, सासूबाईंच्या शब्दकोड्याचं, आणि तेही आतच असणार.

आतून अंगाईची गुणगुण येत होती. ती परत कम्प्युटरपाशी गेली. ‘प्रिंटर सापडत नाही.’ बाहेर भिंतीवर राउटर होता. तिनं त्याची पिन काढली, दहापर्यंत आकडे मोजायला घेतले, सहालाच परत खुपसली.

"वहिनी!"

दीर त्याच्या खोलीच्या दारात आला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट, गळ्यात हेडफोन.

"मुलाखत चालू होती माझी. समोरचा म्हणाला, अनुभव सांगा, आणि मी गायब!"

"हळू बोला ना, भावोजी. प्रिंटर लागत नाहीये."

"लागेल कसा? नेटच उपटलंत तुम्ही." पण तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "थांबा, बघतो."

सगळ्यांचे कागद त्याच्या कम्प्युटरवरून पुढं जायचे. तो खुर्चीत न बसताच स्क्रीनवर वाकला. "तीन कागद तुंबलेत. तिन्ही तुमचेच. फाइलचं नाव आहे, राजीना..."

त्यानं वळून विचारलं, "आईला माहितीय?"

"नाही."

"आणि दादाला?"

"म्हणाले, तुझं तू ठरव."

"दादाला भाजी कुठली करू विचारलं तरी तो हेच म्हणतो."

ती हसली नाही. परवा सासूबाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, आता उठता-बसता गुडघे बोलतात. ते तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं आणि तिथल्या तिथं निकाल लावून टाकला होता. ठमीला सांभाळणं कुणाच्या गळ्यात घालायचं? पाळणाघर लांब. माहेरची आई त्याहून लांब.

"तीन म्हणालात?" तिनं विचारलं. "मी चारदा दिलाय."

"मग एक निघालाय."

पहिला कागद तिनं दहा वाजता पाठवला होता. तेव्हा वॉशिंग मशीन गरगरत होतं, काहीच ऐकू आलं नव्हतं.

ती दारापाशी परतली. गुणगुण थांबली होती. ती फरशीवर बसली, मग जवळजवळ आडवीच झाली आणि फटीला तोंड लावून कुजबुजली, "आई."

"झोपलीय ती," आतून तितक्याच हळू उत्तर आलं. अगदी दाराजवळून. त्याही दारापाशीच बसल्या होत्या.

"प्रिंटरचा दिवा लागलाय का?"

"नाही."

"का?"

"मी पिन काढलीय."

"कधी?"

"पहिला कागद वाचला तेव्हा."

हातातला फोन तिनं उगाच उलटा केला, सुलटा केला. अकरा वीस.

"चारदा पाठवलास म्हणे, ऐकलं मी," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारलं मात्र एकदाही नाहीस."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघेन."

"आई, दिवसभर असते हो ती. नुसती वळवळ. एका जागी ठरत नाही."

"ते मला सांगतेस? तुझ्या नवऱ्याला काय शेजाऱ्यांनी वाढवलं?"

मग आत काहीतरी खरखरलं. बराच वेळ. मधेच ठमीनं झोपेत उसासा टाकला, तसा दोघींनी दाराच्या दोन्ही बाजूंनी श्वास रोखला. दीर पलीकडून डोकावला, फरशीवर पसरलेल्या वहिनीला बघून तसाच मागं सरकला.

फटीतून कागद आला.

पाठकोरी बाजू वर होती. एक कोपरा ओला, त्यावर दोन इवल्या दातांच्या खुणा. घरात पाठकोरे कागद यादीला ठेवायचे. ही पण यादीच होती. वर ‘सोमवार’ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

साडेआठ, दूध.
दहा, आंघोळ.
अकरा, झोप. दार लावून घेणे.
एक, भात मऊ करून. घाई करायची नाही.
तीन,

तीनच्या पुढं काही नव्हतं.

"तीनला काय करते गं ती?" आतून विचारलं. "तेव्हा मी झोपलेली असते, मला काही माहीत नाही."

तिनं कागद उलटा केला. आपलं नाव, त्याच्यावर सहीसाठी सोडलेली जागा. परत यादीची बाजू वर केली. तीनला ठमी खिडकीच्या गजाला धरून उभी राहते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करते. हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"आई, पेन..." ती म्हणाली.

फटीतून पेन घरंगळत आलं आणि तिच्या हाताला लागून थांबलं.