शेळी कशी बसते

अन्सेल्मो स्वयंपाकघरात चार पायांवर उभा होता आणि त्याच्या डोक्यावर भाताचं पातेलं होतं. पातेलं म्हणजे शिंगं. हे त्याच्या पाच वर्षांच्या लेकीने ठरवलं होतं, न बोलता, नुसत्या बोटाने.

होंडुरासहून ह्यूस्टनला आल्यापासून सात महिने ती एक अक्षर बोलली नव्हती. म्हणून नवरा-बायको दर शनिवारी वाचनालयात स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांच्या वर्गाला जायचे. ग्रासिएलाबाईंनी तिथे गृहपाठ दिला होता: रोज दहा मिनिटं मूल म्हणेल तसं खेळा. शिकवू नका, चुका काढू नका. आज एकोणिसावा दिवस होता.

"दिवसभर छपरं ठोकायची आणि संध्याकाळी बें बें करायचं," बायको कांदा चिरत म्हणाली. "यासाठी देश सोडला होय?"

"बाईंनी सांगितलंय."

"बाईंनी पातेलं नव्हतं सांगितलं. भात कशात करू?"

शेळी दमली होती. ती पाय मुडपून खाली बसली. लेक कमरेवर हात ठेवून समोर आली.

"शेळी अशी नाही बसत, पापा."

बायकोची सुरी कांद्यातच थांबली. सात महिन्यांनी घरात तो आवाज आला होता, आणि तो चांगलाच रागावलेला होता.

अन्सेल्मोचं अर्धं आयुष्य शेळ्यांमागे गेलं होतं. शेळी अश्शीच बसते, हे तो चर्चमध्ये शपथेवर सांगू शकला असता.

"मग कशी बसते गं?" त्याने हळूच विचारलं.

लेकीने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. सगळं चुकीचं होतं, शेळीपेक्षा कोंबडीच जास्त. अन्सेल्मोने श्वास रोखून ऐकलं आणि तिने सांगितलं तसा, तंतोतंत, अंडी उबवायला बसला.