घराच्या खोडी

“हा नळ रडका आहे,” मुलीने जाहीर केलं. “बंद केला तरी मुसमुसत राहतो. आधी थोडा उलटा फिरवायचा, मग आवळायचा.”

बाबाने कपाळाला हात लावला. घर बघायला आलेल्या नर्सबाई मात्र वाकून नळ न्याहाळू लागल्या.

आईची बदली झाली होती आणि ती पुढे जाऊन कामावर हजरही झाली होती. मागे उरले होते बापलेक आणि अर्धाच सरलेला भाडेकरार. खाली राहणाऱ्या घरमालकीण काकूंनी एका वाक्यात निकाल दिला होता, “तुमच्या जागी माणूस आणून द्या आणि खुशाल जा, नाहीतर डिपॉझिट विसरा.” नव्या गावातल्या घरासाठी तेच डिपॉझिट लागणार होतं. आणि उद्या सामानाचा टेम्पो यायचा होता.

सकाळपासून दोन कुटुंबं येऊन गेली. पहिल्यांना मुलीने वाऱ्यात दात वाजवणारी खिडकी दाखवली. दुसऱ्यांना सांगितलं, वरचे काका पहाटे दोरीवरच्या उड्या मारतात, तेव्हा आपला पंखा बंद असूनही हलतो. दोघंही ‘कळवतो’ म्हणून गेले. ‘कळवतो’ म्हणजे काय, ते बाबाला कळत होतं.

“अगं हरिश्चंद्राच्या नाती,” तो तिच्या कानाशी पुटपुटला, “जरा झाकली मूठ ठेव की!”

“पण बाबा, खोटं बोलायचं नाही ना?”

“बोलूच नकोस. नुसती गप्प राहा.”

गप्प राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती नर्सबाईंना हाताला धरून पुढे घेऊन गेली. “हे दार गुडघ्याने ढकला, हाताने ढकललं की रुसतं. आणि इथे पाय आपटू नका. खालच्या काकू झाडूच्या लांब दांड्याने छत ठोकतात. दोनदा ठोकलं तर चिडल्यात. तीनदा ठोकलं तर खाली या, गरम गरम काहीतरी केलंय.”

नर्सबाई खळखळून हसल्या. “मला रात्रपाळी असते गं. दिवसा झोप लागेल का इथे?”

“त्या भिंतीशी नाही, तिथे टाकीत पाणी पडतं. या कोपऱ्यात लागेल. इथे दुपारी अंधार असतो.”

नर्सबाई कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. क्षणभर डोळे मिटले. मग बाबाकडे वळून म्हणाल्या, “घेते मी घर. आजवर चार घरं केली, सगळ्यांनी नुसते गुण सांगितले. खोडी माझ्या मलाच शोधाव्या लागल्या.”

बाबाचा जीव भांड्यात पडला. आईला फोन लावायला त्याने खिशात हात घातला.

“बरं,” नर्सबाई मुलीसमोर उकिडव्या बसल्या, “खोडी कळल्या. आता चांगलं काय आहे, ते सांग बघू.”

मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. सकाळपासून टकळी चालवणारी पोर पहिल्यांदाच गप्प झालेली बघून बाबाचा हात खिशातच राहिला.

तिने बांधून ठेवलेलं एक खोकं ओढत आणलं, फ्रॉकने त्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली,

“यावर बसा मावशी. त्याला वेळ लागेल.”