हुबेहूब खिडकी

किल्ल्यातल्या महालाच्या सहा खिडक्या कुजल्या होत्या. नव्या बसवायच्या तर हुबेहूब जुन्यासारख्याच, असा सरकारी नियम होता. तामलवाडीच्या म्हाताऱ्या शिवलिंगप्पा सुताराच्या हाताला वर्षभर काम नव्हतं, म्हणून त्यानं नमुन्याची एक खिडकी जीव ओतून केली. पुण्याहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी आधी जुन्या खिडकीला हात जोडले, मग भिंग लावून दोन्ही ताडून पाहिल्या.

"मिस्त्री, जुन्या खिडकीवरची ही वेल बघा. प्रत्येक पानाची खोली सारखी. तुमचं पान सूतभर इकडं, सूतभर तिकडं. तीनशे वर्षांपूर्वीचा तो हात आता कुठून आणायचा?"

"खरं हाय, साहेब," शिवलिंगप्पा म्हणाला. "हात कापतो आता. त्या सहाही खिडक्या केल्या तवा म्या पंचविशीत व्हतो. निजामाच्या तहसीलदारानं बसवून घेतल्या व्हत्या."

 साहेबांनी वही उघडली, जुन्या खिडक्यांपुढं लिहिलेलं 'तीनशे वर्षे' तसंच राहू दिलं आणि त्याखाली नव्या कामासाठी लिहिलेलं शिवलिंगप्पाचं नाव खोडलं.