नाककाका आणि लेझरचा डबा

टीं टीं टीं! डबा पुन्हा ओरडला.

"बाई, तुमचं खेळणं फारच रडकं आहे हो," नाककाका म्हणाले. "सकाळपासून सहावी वेळ!"

इंजिनिअर ताईने ओठ चावला. शीतगृहात सफरचंदांचे क्रेट पार छताला टेकलेले, आणि ती दोन स्वेटरांत कुडकुडतेय. गळ्यात डबा, डब्याला नळी. नळी हवा आत ओढायची, आत लेझरचा किरण त्या हवेतून जायचा, आणि पिकणारं फळ जो वायू सोडतं तो कणभर जरी सापडला तरी आकडा चढायचा. एक फळ पिकलं की त्या वायूने शेजारचीही पिकत सुटतात, म्हणून ते पहिलं वेळेत पकडायचं.

तीस वर्षं हे काम काकांचं नाक करत होतं. आत यायचं, दोनदा हुंगायचं, बोट दाखवायचं. "तिसरी रांग, खालून दुसरा." विषय संपला! आज डबा पास झाला, तर सोमवारपासून काका गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. साहेबांनी तसं दोघांसमोरच सांगितलं होतं.

पण डबा कसला पास होतोय! पहिल्या रांगेत ओरडला, म्हणून सगळे क्रेट उपसले, तर सफरचंदं टणटणीत. पाचव्या रांगेतही तेच. मग काका चहाला बाहेर गेले आणि डबा शहाण्या बाळासारखा गप्प. काका परत आले. टीं टीं टीं!

ताई थबकली. तिने नळी हळूच काकांकडे वळवली. गुडघा, पोट, छाती. आकडा जिना चढावा तसा चढत गेला.

"अगं, मी काय सफरचंद आहे का?"

"काका, कोटाचा आतला खिसा बघा."

"तिथे चष्म्याशिवाय काय असणार?" म्हणत काकांनी हात घातला, आणि त्यांचा चेहराच उतरला. बाहेर आलं केळं. म्हणजे एकेकाळी केळं असलेला काळाकुट्ट लगदा. आणि त्यांच्या मागे, दारावर, त्यांच्याच हस्ताक्षरातली पाटी: 'बाहेरचं फळ आत आणल्यास गाठ माझ्याशी आहे.'

ताईला खुदकन हसू आलं. पण ते अर्ध्यातच थांबलं. वास असा सुटला होता की तिच्या सर्दीने चोंदलेल्या नाकालाही झोंबत होता. काका मात्र केळं नाकाशी धरून हुंगत होते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चांगला जोर लावून.

"कधीपासून?" तिने हळू विचारलं.

"त्या तापानंतर." काका केळ्याकडेच बघत होते. "दोन महिने झाले. क्रेटवरच्या तारखा बघतो, कुठल्या बागेचा माल ते आठवतो, आणि दाखवतो बोट. हुंगायचं ते आपलं लोकांसाठी."

तेवढ्यात बुटांचा आवाज आला. ताईने केळं झडप घालून घेतलं आणि स्वतःच्या खिशात कोंबलं. पचकन.

"काय मग?" साहेब दारातूनच म्हणाले. "चालतोय का डबा?"

"एकदम मस्त चालतोय, सर. पण तो नुसता आकडा सांगतो. कुठला माल कधीचा, आधी कुठला क्रेट उपसायचा, हे काकांनाच ठाऊक. डबा त्यांच्याच गळ्यात हवा. नाहीतर मी पास म्हणून सही करणार नाही." आणि तिने पट्टा काढून सरळ काकांच्या गळ्यात घातला.

नळी लोंबकळत फिरली आणि ताईच्या खिशासमोर येऊन थांबली.

टीं टीं टीं!

"आता काय झालं?" साहेब दचकले.

काकांनी मान ताठ केली, डोळे मिटले, आणि साग्रसंगीत दोनदा हुंगलं.

"बरोबर ओरडतोय, साहेब. मला तर केव्हाच आला होता वास."