चावीचा आवाज

जिना चढतानाच तिला कोणाचं तरी गाणं ऐकू आलं. बेसूर, पण मनापासून चाललेलं. सोबत शिलाई मशीनची खडखड आणि मध्येच एका बाईचं खळखळून हसणं. समोरच्यांकडे पाहुणे आलेले दिसतात, असं म्हणून ती वैतागली. आज तिला कुणाचंच सुख बघवत नव्हतं.

सकाळी फार्मसीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत नळीतून एक थेंब जास्त पडला आणि फ्लास्कमधलं पाण्यासारखं स्वच्छ द्रावण भडक गुलाबी झालं. “आता हा रंग परत जात नसतो, बाई,” परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. दुपारची तोंडी परीक्षा पुढे ढकलली गेली, म्हणून ती लवकर सुटली होती. आता घरी जाऊन नुसतं पडायचं होतं. तिच्या घराइतकं शांत घर वर्गात कुणाचंच नव्हतं. मैत्रिणी घरच्या गोंगाटाच्या नावाने बोटं मोडायच्या, तेव्हा ती तोऱ्यात सांगायची, “आमच्याकडे कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नाही.”

ती वरच्या मजल्यावर आली आणि थबकली. समोरच्यांच्या दाराला कुलूप होतं. गाणं तिच्याच घरातून येत होतं.

“अहो, पुरे! शेजारी पळून जातील,” आई हसू आवरत म्हणत होती.

“जाऊ देत. आपल्याला जागा होईल,” बाबा गरजले आणि पुन्हा गायला लागले.

बाबांचा हा आवाज ती विसरूनच गेली होती. पत्र्याच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस तो. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पूर्वी घरी आल्यावरही ते तसेच बोलायचे. “आल्या का औषधवाल्या बाई?” अशी हाक खाली रस्त्यावर ऐकू जायची.

तिने दाराच्या लॅचमध्ये चावी फिरवली.

गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. मशीन थांबलं. ती आत गेली, तेव्हा बाबा खुर्चीत पेपर वाचत होते आणि आई खिडकीपाशी हातात सुई घेऊन बसली होती. रोजच्यासारखंच. फक्त मशीनचं चाक अजून हळूहळू फिरत होतं आणि सुईखाली कापड अडकलेलं होतं.

“लवकर आलीस?” आई कुजबुजली. “पड जरा.”

आईच्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं. टोकं सुई टोचून टोचून खरबरीत झाली होती. संध्याकाळी हातानेच का शिवतेस, असं तिने एकदा विचारलं होतं. टाके सुबक पडतात, असं आई म्हणाली होती आणि तिला ते पटलंही होतं.

मग तिला आठवलं. पहिल्या वर्षी अशाच एका वाईट दिवशी तिने दप्तर भिरकावलं होतं. “या घरात माणसाला घटकाभर शांत पडता येतं का? सतत कटकट, नुसती कटकट!” असं ओरडून दार आपटलं होतं. नंतर ती झोपली, उठून चहा प्यायली आणि सगळं विसरून गेली. घरातलं कोणी विसरलं नव्हतं.

तिला रडू आलं. “बाबा, गा ना. आई, तूही मशीन चालव. मी तेव्हा उगाच बोलले. चुकलंच माझं.”

“कधी गं? आम्हाला तर काही आठवत नाही,” आई घाईघाईने म्हणाली.

पण लेकीचा शब्द कसा मोडायचा? आईने मशीनवर जपून दोन टाके घातले. बाबांनी घसा खाकरला आणि पाळण्यातलं मूल उठणार नाही अशा बेताने एक ओळ म्हटली. मग दोघांनीही थांबून तिच्या तोंडाकडे पाहिलं. जास्त तर झालं नाही ना?

तिला ते बघवेना. तिने पुन्हा सॅक उचलली. “मला परत कॉलेजला जायचंय. पाकीट न्यायला आले होते.”

“किती वेळ लागेल?” बाबांनी विचारलं.

“अंधार पडेपर्यंत.”

“बरं, बरं. सावकाश ये,” ते म्हणाले. त्यांचा आवाज तेवढ्यातच थोडा मोकळा झाला होता.

खालच्या मजल्यावर जाऊन ती पायरीवर बसली. बूट काढले, भिंतीला डोकं टेकलं. थोड्या वेळाने वर मशीन सुरू झालं. मग गाणं. मग आईचं हसणं. दिवसभरात पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

रात्रीपर्यंत येत नाही असं सांगायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.